दम आधी येतो, हाडे मागाहून

जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन पार पडली की पुढच्या सोमवारी आमच्या भागातल्या मैदानावर नव्या कोऱ्या बुटांची संख्या एकदम वाढते. त्यांतले एक गृहस्थ माझ्या चांगले लक्षात राहिले आहेत. वय पंचेचाळीसच्या आसपास, वजन नव्वद किलोच्या घरात, आणि दहावीनंतर सुटणाऱ्या बसमागे धावण्यापलीकडे पळण्याशी काही संबंध नसावा अशी एकंदर ठेवण. फाटकापासून ते जे सुटले ते कोणी पाठीस लागल्यासारखे. दुसऱ्या झाडापाशी त्यांचे तोंड उघडे पडले, तिसऱ्या झाडापाशी हात कमरेवर गेले, आणि पुरते एक मिनिटही झाले नसताना ते वाकून, गुडघ्यांवर तळवे टेकून उभे राहिले. दोन दिवसांनी ते यायचे थांबले. पळणे आपल्या प्रकृतीतच नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला असावा. निष्कर्ष चुकीचा होता, पण त्यांना लागलेली धाप अगदी खरी होती, आणि तिचा हिशेब मांडता येतो.

शरीर किती ऑक्सिजन वापरते हे दर किलो वजनामागे दर मिनिटाला किती मिलिलिटर, अशा मापाने सांगतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला साधारण ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन पुरतो. सपाट रस्त्यावर ताशी ५ किलोमीटरच्या चालीला सुमारे १२ लागतात. ताशी ७ किलोमीटरच्या आसपास चालणे अवघड होऊन पाय आपोआप पळू लागतात, आणि त्या वेगाच्या पळण्याला सुमारे २७ मिलिलिटर लागतात. आता बैठे काम करणाऱ्या, वजन वाढलेल्या मध्यमवयीन माणसाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल मर्यादा पुष्कळदा २५ ते ३० च्या दरम्यानच असते. सरावलेल्या माणसासाठी जे रमतगमत पळणे आहे, तेच या माणसासाठी शरीराच्या टोकाचे काम ठरते. चालणे आणि पळणे यांच्यामध्ये त्याला टेकायला पायरीच नाही. अंगणातून एकदम माळ्यावर पाऊल टाकावे, तसा हा प्रकार आहे.

त्यात आणखी एक अडचण असते. श्रम सुरू होताक्षणी ऑक्सिजनचा पुरवठा वाढत नाही. हृदयाचे ठोके वाढून, रक्त पोटऱ्या-मांड्यांकडे वळून, स्नायूंतील यंत्रणा पुरती चालू व्हायला दोन-तीन मिनिटे जातात आणि सराव नसलेल्या शरीरात हा विलंब अधिकच असतो. तोवर स्नायू आपल्या गाठीशी असलेल्या क्रिएटिन फॉस्फेट या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनावर आणि ऑक्सिजनविना साखर मोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर काम भागवतात. म्हणजे उधारीवर संसार. जोरात निघालेला नवखा माणूस ही उधारी मिनिटाभरात इतकी वाढवतो की पुढे ती फेडण्यासाठी त्याला थांबावेच लागते. मात्र मिनिटभर पळून त्याने चालायला सुरुवात केली, तर चालता चालताच क्रिएटिन फॉस्फेटचा बराचसा साठा भरून निघतो आणि पुढचे मिनिट पळता येते.

नवख्यांसाठी सर्वांत प्रसिद्ध झालेला कार्यक्रम या तत्त्वाशी नेमका जुळतो. अमेरिकेतील जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये तो आखला आणि 'काउच टू फाइव्ह के', म्हणजे सोफ्यावरून पाच किलोमीटरपर्यंत, या नावाने तो जगभर पसरला. आठवड्यातून तीन दिवस, एकूण नऊ आठवडे. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे झपाझप चालून अंग सैल करायचे, मग ६० सेकंद पळणे आणि ९० सेकंद चालणे असे आलटून पालटून वीस मिनिटे करायचे. म्हणजे एका दिवसात पळण्याच्या आठ खेपा, सगळे मिळून आठ मिनिटे. लोकांना हे हास्यास्पद वाटते, आणि नेमके याच कारणाने पहिला आठवडा वगळून थेट तिसऱ्यापासून सुरुवात करणारे महाभाग मी पाहिले आहेत. वास्तविक सामान्य माणसाने हळू पळावे ही कल्पनाच फार जुनी नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस ऑकलंडमध्ये हृदयविकार होऊन गेलेल्या मध्यमवयीन माणसांनाही गप्पा मारत पळायला लावले होते. १९६२ मध्ये तेथे गेलेले अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन अशाच एका सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाच्या मागे पडले, आणि मायदेशी परतल्यावर त्यांनी जॉगिंगचा प्रसार हाती घेतला.

दमाची बाजू त्यामानाने लवकर सुधारते. नियमित श्रम सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, प्रत्येक ठोक्याला हृदय अधिक रक्त ढकलू लागते आणि सकाळी उठल्याबरोबर मोजलेली नाडी पूर्वीपेक्षा थोडी संथ लागते. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंच्या पेशींतील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या, वाढतात. जॉन होलोझी यांनी सेंट लुईस येथे उंदरांना पट्ट्यावर पळवून १९६७ मध्ये दाखवून दिले की सरावाने स्नायूंची ही क्षमता जवळजवळ दुप्पट होऊ शकते. म्हणून चौथ्या-पाचव्या आठवड्यात माणसाला एकाएकी हुरूप येतो. पूर्वी मिनिटभरात लागणारी धाप आता लागत नाही, आपण उगाच घाबरत होतो असे वाटते, आणि तो अंतर वाढवतो. दुखापतीची खरी वेळ हीच.

कारण हाडे आणि स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारे दोर) यांचे पंचांग वेगळे असते. पळताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि जमिनीवर टेकणारा पाय शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर झेलतो. चालताना हा जोर वजनापेक्षा थोडाच अधिक असतो. नव्वद किलोच्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ, प्रत्येक पावलाला दोन क्विंटलच्या आसपास. मिनिटाला १६० पावले धरली तर पहिल्या दिवसाच्या आठ मिनिटांत एका पायावर असे ६४० आघात होतात. तोच माणूस हट्टाने पाच किलोमीटर पाऊण तास सलग पळाला, तर एका पायावर ३६०० आघात पडतील. हे सोसण्यासाठी हाड स्वतःला नव्याने बांधते खरे, पण ते आधी खोदते आणि मग भरते. जुने हाड झिजवणाऱ्या पेशी काही आठवड्यांत आपले काम उरकतात, तर नवे हाड भरणाऱ्या पेशींना सुमारे तीन महिने लागतात. रस्ता दुरुस्तीला काढला की मधल्या काळात तो अधिकच खराब असतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. सराव सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत नडगीचे हाड अशाच उकरलेल्या अवस्थेत असू शकते. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने १८५५ मध्येच नोंदवले होते की लांब कवायतींनंतर सैनिकांचे पाय सुजून दुखतात. ही हाडांतील बारीक तड होती, हे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळले.

टाचेमागचा अ‍ॅकिलीस स्नायुबंध तर याहून संथ आहे. १९५० आणि ६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले होते, आणि त्या खुणेचा उपयोग करून डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये असे दाखवले की या स्नायुबंधाचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी आपण ज्या दोरावर नव्वद किलो उड्या मारवतो, तो मूलतः कॉलेजात जाण्याआधी वळलेला असतो. सरावाने तो काहीसा ताठ आणि जाड होतो, पण त्याला महिने लागतात.

मग सुरुवात किती अंतराने करावी? डेन्मार्कमधल्याच नवख्या धावकांच्या एका अभ्यासातून असे सुचवले गेले की लठ्ठपणा असलेल्यांनी पहिल्या आठवड्यात एकूण तीन किलोमीटरांहून अधिक पळू नये. वर सांगितलेल्या कार्यक्रमाचा हिशेब करून पाहिला तर गंमत वाटते. आठ मिनिटे, ताशी ७ किलोमीटर, आठवड्यातून तीन दिवस, म्हणजे पळण्याचे अंतर सुमारे २.८ किलोमीटर. बाकी सगळे चालणे. केवळ वाढ सावकाश ठेवली की दुखापत टळते असे मात्र नाही. नेदरलँड्समध्ये २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नवख्यांच्या एका गटाला तेरा आठवड्यांचा हळूहळू वाढत जाणारा आणि दुसऱ्याला आठ आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम दिला होता, आणि दोन्ही गटांत सुमारे एक पंचमांश लोक जायबंदी झाले. 'दर आठवड्याला दहा टक्क्यांनी वाढवा' हा नियम मीही अनेकांना ठामपणे सांगत असे. या निष्कर्षानंतर तो ठामपणा मी सोडला.

तरीही नऊ आठवड्यांची मुदत वजनदार माणसासाठी मला अपुरी वाटते. मूळ कार्यक्रमात पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी एकदम वीस मिनिटे सलग पळायचे असते. दमाच्या दृष्टीने ते पुष्कळांना जमते, कारण तोवर दम आलेला असतो. पण हाडाची पहिली भरणी तेव्हा पुरी झालेली नसते. प्रत्येक आठवडा दोनदा करावा, म्हणजे अठरा आठवड्यांत, चार महिन्यांहून थोड्या अधिक काळात, हाच कार्यक्रम पूर्ण होईल, आणि ज्यांना सध्या अर्धा तास झपाझप चालल्यावरच पाय भरून येतात त्यांनी आधी महिना-दीड महिना फक्त चालावे. लागोपाठच्या दोन दिवशी पळू नये.

वेगाबाबत नवख्यांची चूक जवळजवळ नेहमी एकाच बाजूला असते. पळणे इतके संथ असावे की शेजारून झपाझप चालणारी व्यक्ती पुढे निघून जाईल. घड्याळ नसले तरी चालते. बाराचा पाढा मोठ्याने म्हणून पाहावा. 'बारा पंचे साठ' पर्यंत एका दमात नीट म्हणता आले तर वेग ठीक, 'बारा त्रिक' लाच श्वास तुटला तर वेग कमी करावा. पावले आखूड आणि पटापट टाकली तर प्रत्येक आघाताला गुडघ्यावर येणारा भार कमी होतो. बुटांच्या किमतीपेक्षा ते पायाला सुखावह आहेत की नाहीत हे अधिक महत्त्वाचे. मांड्या काचू नयेत म्हणून घट्ट बसणारी चड्डी किंवा थोडे व्हॅसलिन लावावे. या साध्या गोष्टीपायी पळणे सोडलेले लोक आहेत.

वजन उतरेल या आशेने सुरुवात करणाऱ्यांची मात्र निराशा होण्याचा संभव असतो. पळण्याला दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी लागते. नव्वद किलोचा माणूस पाच किलोमीटर पळाला तर ४५० किलोकॅलरी, आणि एक किलो चरबीत सुमारे ७७०० असतात. म्हणजे एका किलोसाठी सतरा वेळा पाच किलोमीटर, तेही मैदानाबाहेरच्या गाडीवर वडापाव न खाता. काटा हलला नाही तरी शरीरात बदल होत असतो. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनवर विसंबून न राहता रक्तातील साखर ओढून घेतो, आणि यकृतातील व पोटाच्या पोकळीतील चरबी वजनात फरक न पडताही घटू शकते. आपल्याकडे हे विशेष महत्त्वाचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, सारखाच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी २३ पासून पुढे वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात.

पळून गुडघे झिजतात, ही भीती घरातली वडीलधारी माणसे हमखास घालतात. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हौशी धावकांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के, तर न पळणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के आढळले. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते पळण्याच्या वाटेला जात नाहीत, हेही या फरकामागचे एक कारण असू शकते.

खरी काळजी हृदयाची घ्यावी. बॉस्टनमधून १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की एरवी व्यायाम न करणाऱ्या माणसाने एकाएकी जोराचे श्रम केले तर त्यानंतरच्या तासाभरात हृदयविकाराच्या झटक्याची जोखीम शंभर पटींहून अधिक वाढते. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा तसे श्रम करणाऱ्यांत ती अडीच पटींच्याही आत राहते. एखाद्या विशिष्ट तासात झटका येण्याची मूळ शक्यताच अत्यल्प असल्यामुळे याने घाबरून घरी बसण्याचे कारण नाही. परंतु मधुमेह, रक्तदाब, चालताना छातीत भरून येणे किंवा घरात लवकर आलेला हृदयविकार, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पहिले मिनिटही पळू नये. किनारपट्टीवर पहाटे हवा गार असली तरी दमट असते, घाम नुसताच निथळतो आणि वाळत नसल्याने अंग थंड करत नाही, त्यामुळे तेथे चालण्याच्या खेपा लांबवाव्यात.

आणि रोज सकाळी अंथरुणातून उठताना नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली न्यावा. सगळी कडच ठणकत असेल तर ते बहुधा नव्या भाराचे दुखणे असते आणि दोन-चार दिवस पळणे थांबवून चालत राहिल्यास ओसरते. पण बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी कळ येत असेल, त्या एका पायावर उडी मारताना ती वाढत असेल किंवा रात्री झोपेतही ठणका लागत असेल, तर पळणे तेथेच बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. एक्स-रे साफ आला म्हणून लगेच मैदान गाठू नये, कारण अशी तड पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाही. ती एमआरआयमध्ये दिसते.