अंगरखा मिळाला आणि ब्राउनी घराबाहेर पडला

नाशिकला रविवार कारंज्याजवळच्या आमच्या वाड्यात, फडताळाच्या वरच्या कप्प्यात आजोबांचा कॅमेरा असायचा. कॅमेरा कसला, काळा चौकोनी डबाच. पुढं तीन काचेचे डोळे, एक मोठा आणि दोन बारके, बाजूला फिल्म गुंडाळायची किल्ली, वर धरायला पट्टा. त्यावर ‘ब्राउनी’ असं लिहिलेलं. आजीला हे नाव शेवटपर्यंत पटलं नाही. “काळा ठिक्कर तर आहे, ब्राउन कुठून झाला?”

नावाचा रंगाशी संबंध आहे, पण डब्याच्या रंगाशी नाही.

स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडातल्या शेतकऱ्यांच्या घरात ब्राउनी नावाचा एक बुटका, केसाळ, तपकिरी चिंध्या गुंडाळलेला जीव वस्तीला असतो, असं तिकडचे लोक मानत. घर झोपलं की हा उठणार. धान्य झोडणार, लोणी काढणार, केरवारा करणार. मोबदला काय, तर चुलीपाशी ठेवलेली वाटीभर साय. तीही ‘घे बाबा तुझी मजुरी’ म्हणून द्यायची नाही, सहज विसरल्यासारखी ठेवायची. कुणी नावं ठेवली तर आवरलेलं घर रातोरात विसकटून टाकणार. आणि पुष्कळ गोष्टींत पुन्हापुन्हा येणारी एक अट अशी: त्याची दया येऊन कुणी नवा अंगरखा शिवून ठेवला, तर ब्राउनी तो घालतो, खुशीत नाचतो आणि कायमचा निघून जातो.

आपल्याकडे असं घरकामाला वाहून घेतलेलं भूत शोधावंच लागतं. पिंपळावरचा मुंजा कुणाचं दळण दळायला खाली उतरत नाही. चकवा माणसाला रात्रभर एकाच बांधाभोवती फिरवतो. त्यातल्या त्यात कोकणातला गिऱ्हा जवळचा. त्याच्या डोक्यावरचा केस हाती लागला तर तो मागाल ते आणून देतो म्हणतात, पण केस परत मागत राहतो आणि एकदा का तो परत दिला की तुमची खैर नाही. काम संपलं की मालकालाच खायला उठणारं भूत तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला अंगणात खांब रोवून चढ-उतर करायला लावतात. म्हणजे आपलं भूत धरून राबवावं लागतं. तिकडचं आपण होऊन राबतं आणि कपडे दिले की सुटतं.

ही कपड्यांची अट लक्षात ठेवली तर पामर कॉक्स या चित्रकारानं ब्राउनीचं काय केलं ते नीट कळतं.

कॉक्सचा जन्म १८४० चा, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या ग्रॅन्बी गावचा. (आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालयही १८४० चंच.) त्या भागात स्कॉटिश लोकांची वस्ती होती, त्यामुळे ब्राउनीच्या गोष्टी त्याच्या कानावर लहानपणीच पडल्या. तरुणपणी तो कॅलिफोर्नियात गेला, तिथं बारा वर्षं काढली आणि १८७५ मध्ये चित्रं काढून पोट भरायला न्यूयॉर्कला आला. ‘सेंट निकोलस’ हे तिथलं मुलांचं नावाजलेलं मासिक. १८८३ मध्ये कॉक्सचे ब्राउनी त्यात पहिल्यांदा दिसले. इकडे विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ हे मुलांचं मासिक सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. पुढं ‘जंगल बुक’मधली मोगलीची पहिली गोष्टसुद्धा याच सेंट निकोलसमध्ये आली, १८९४ च्या जानेवारीत.

कॉक्सनं दोन गोष्टी बदलल्या. एक तर ब्राउनी एकटा ठेवला नाही, त्याची टोळी केली. आणि त्या टोळीला कपडे घातले. हळूहळू एकेकाचा वेश ठरत गेला. उंच टोपी आणि एका डोळ्याला भिंग लावलेला छानछोकी, पोलीस, खलाशी, अमेरिकेचा अंकल सॅम. पानभर बारीक रेघांची गर्दी. त्या गर्दीत भिंगवाला कुठं लपलाय हे पोरांनी शोधायचं. सोबत यमकं जुळवलेली लांबलचक पद्यं असत. ती आज वाचवत नाहीत, खरं सांगायचं तर. चित्रं मात्र अजून जिवंत आहेत. तीही सगळी निर्मळ नाहीत. चिनी, आयरिश, मूळ अमेरिकी असे ब्राउनी रेखाटताना त्या काळची गोऱ्यांची टिंगल त्याच्या हातून उतरली आहेच. आणि एवढ्या मोठ्या टोळीत एकही मुलगी नाही.

अंगरखा मिळाला आणि गोष्टीतल्यासारखंच झालं, ब्राउनींनी घर सोडलं. १८८७ च्या पहिल्या पुस्तकातच ते चुलीपाशी फारसे दिसत नाहीत. सायकली हाणताहेत, टेनिस खेळताहेत, प्राण्यांच्या पिंजऱ्यांपाशी धुमाकूळ घालताहेत. सगळं रात्रीच, माणसाची नजर चुकवून. तेवढा एक जुना नियम कॉक्सनं पाळला. १८९४ मध्ये ते पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरही आले. १९०४ च्या पुस्तकात ते फिलिपिन्सला पोचले. अमेरिकेनं तो देश ताब्यात घेऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, हे वाचताना विसरता येत नाही. दरम्यान ते साबणाच्या जाहिरातीत झळकले, बाहुल्या झाले, खेळ झाले. पुस्तकातल्या पात्रांवर बाजारात इतका माल निघायची ती सुरुवातच होती.

मग १९०० साल. ईस्टमन कोडॅकनं एक डॉलरचा कॅमेरा काढला. पुठ्ठ्याचा डबा, साधं भिंग, एका फिल्मवर सहा फोटो. तो बनवला फ्रँक ब्राउनेलनं, पण नाव ठेवलं ब्राउनी, कारण गिऱ्हाईक म्हणून डोळ्यासमोर मुलं होती आणि मुलांना ब्राउनी पाठ होते. खोक्यावर त्याच बुटक्यांची चित्रं. पहिल्याच वर्षी लाखावर कॅमेरे खपले. पुढं पुठ्ठ्याचा पत्रा झाला, बेकलाइट झाला, बुटके खोक्यावरून गेले, नाव तेवढं राहिलं.

एक घोटाळा इथंच सोडवलेला बरा. गर्ल गाइड्समधल्या लहान मुलींनाही तिकडे ब्राउनी म्हणतात, पण ते नाव कॉक्सचं नव्हे. ते जुलियाना इविंग या इंग्रज लेखिकेच्या आधीच्या गोष्टीवरून आलं. आपल्या शाळांत त्याच वयाच्या मुली बुलबुल असतात, आणि मला ते नाव जास्त आवडतं.

कॉक्सनं पैसे मिळवून ग्रॅन्बीत मोठं घर बांधलं, लोक त्याला ब्राउनी कॅसल म्हणत. १९२४ मध्ये तिथंच तो गेला.

आजोबांचा कॅमेरा पुष्कळ नंतरचा, पत्र्याचा. तो पोटाशी धरून वरच्या इवल्या काचेत बघायचं. त्या काचेत उजवं डावीकडे दिसतं, त्यामुळे माणूस चौकटीत घ्यायला जावं तर तो नेमका बाहेर सरकतो. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, एका पुराचा त्यांनी काढलेला फोटो अजून आमच्याकडे आहे. पाणी कुठवर चढलं ते दाखवायला नदीतला दुतोंड्या मारुती घ्यायचा होता. मारुती कडेला अर्धाच आला आहे, बाकी चौकटीत नुसतं पाणी.