'फ्ल'ची भावकी

पावसाळ्यात आमच्या कढीपत्त्यावर एक काळं फुलपाखरू येतं. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. येते ती मादी, अंडी घालायला. पण ती पानावर नीट बसतही नाही. पाय जेमतेम टेकवते, पोटाचं टोक वाकवून एक बारीक पिवळसर अंडं चिकटवते, आणि तेवढ्या वेळातही तिचे पंख थांबत नाहीत. मग भिर्रकन दुसऱ्या फांदीवर.

ही हालचाल सांगायला मराठीत मला 'फडफड' आणि 'भिरभिर' लगेच सुचतात. इंग्रजीत सांगू गेलं तर शब्दांची रांगच लागते: फ्लाय, फ्लिट, फ्लिटर, फ्लटर, फ्लॅप, फ्लिक, फ्लिकर. हलकं, चपळ, कधी इकडे कधी तिकडे असं जे काही हलतं, त्याच्या नावाला सुरुवातीला 'फ्ल' आहेच.

हे फार पूर्वीच लोकांच्या लक्षात आलं होतं. अनंताचं ∞ हे चिन्ह गणितात आणणारे ऑक्सफर्डचे जॉन वॉलिस यांनी 1653 साली लॅटिनमधून इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. त्यात त्यांनी 'स्पार्कल' (ठिणगीसारखं चमकणं) हा शब्द घड्याळाचे भाग सुटे करावेत तसा उलगडला: 'स्प' म्हणजे विखुरणं, 'आर' म्हणजे तडतड, 'क' म्हणजे अचानक खंड आणि शेवटचा 'ल' म्हणजे पुन्हा पुन्हा होणं. अर्थाची चाहूल देणाऱ्या अशा ध्वनिगुच्छांना 1930 साली भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 'फोनेस्थीम' असं नाव दिलं. 1933 साली अमेरिकेत भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी इंग्रजीतले असे गट मांडले. 'ग्ल'मध्ये स्थिर उजेड, 'फ्ल'मध्ये हलता उजेड किंवा हवेतली हालचाल.

शब्दाच्या शेवटाकडेही पाहा. 'फ्लिप', 'फ्लिक', 'फ्लॅप' यांचा स्वर आखूड आणि शेवटी हवा एकदम अडते. हालचालही तशीच, एकदा झाली आणि संपली. त्याला शेवटी 'अर' लागला की तीच हालचाल पुन्हा पुन्हा होऊ लागते. 'फ्लिट' म्हणजे चटकन इथून तिथे जाणं, 'फ्लिटर' म्हणजे तसं करतच राहणं. 'फ्लोट' म्हणजे तरंगणं, आणि त्याच घराण्यातला 'फ्लटर'. स्वराचंही स्वतःचं काम असतं. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी 1929 साली लोकांना 'मिल' आणि 'माल' हे टेबलासाठीचे दोन बनावट शब्द दिले आणि विचारलं, यातलं मोठं टेबल कुठलं? बहुतेकांनी 'माल' सांगितलं. 'इ' म्हणताना जीभ वर आणि पुढे सरकते, तिच्या पुढची पोकळी लहान होते आणि आवाजाला बारीक धार येते. लहान वस्तूंचे, लहान प्राण्यांचे आवाजही असेच बारीक असतात.

आता तळहात तोंडासमोर धरून 'फ्लिट' म्हणा. खालचा ओठ वरच्या दातांना लागतो, फटीतून वारा सुटतो, 'ल'ला जिभेच्या कडांवरून घसरतो आणि 'ट'वर बंद पडतो. तळहाताला ती झुळूक जाणवते. मग वाटतं, हा अर्थ निसर्गानेच या ध्वनीत ठेवला असणार.

मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण शब्दांचा इतिहास पाहिला की ते पटत नाही. फ्लाय, फ्लोट, फ्लो, फ्लटर हे सारे इंग्रजी आणि संस्कृत यांच्या समान पूर्वज भाषेतल्या ज्या मूळ धातूतून आले, त्यात 'फ' नव्हताच, 'प' होता. संस्कृतमध्ये तो तसाच राहिला: प्लवते, म्हणजे तरंगतो, पोहतो. आपल्या 'विप्लव'मध्येही तोच. जर्मानिक भाषांमध्ये, म्हणजे इंग्रजी, जर्मन यांच्या कुळात, जुन्या 'प'चा बहुतेक ठिकाणी 'फ' झाला. म्हणून आपला पाय तो त्यांचा फुट, आपले पाच ते त्यांचे फाइव्ह. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी 1822 साली हा नियम मांडला. 'फ्लिट'सुद्धा याच धातूचा, पण तो उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ होता वाहून नेणं, हलवणं. स्कॉटलंडमध्ये आजही घर बदलण्याला 'फ्लिट' म्हणतात.

म्हणजे आधी एका धातूची पाच-सात भावंडं होती. योगायोगाने सगळ्यांच्या तोंडी 'फ्ल' आला. मग 'फ्लॅप', 'फ्लिक' असे नुसत्या आवाजावरून घडलेले शब्द येऊन त्यांच्या पंगतीला बसले. 'फ्लिकर' आधी पंखांच्या फडफडीसाठी होता, ज्योतीकडे तो नंतर गेला. भावकी वाढली तसा 'फ्ल'चा अर्थही पक्का होत गेला. 'फ्लोअर' किंवा 'फ्लॅनेल' यांत काही फडफडत नाही, तरी भावकीला त्याने बाधा येत नाही. भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन बर्गन यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसलं की 'ग्लिटर' (चकाकणं) हा शब्द नुकताच पाहिलेल्या माणसाला 'ग्लो' (मंद उजळणं) हा शब्द अधिक लवकर ओळखता येतो. नुसता अर्थ किंवा नुसता आवाज सारखा असेल तर तेवढा फरक पडत नाही. बोलणाऱ्याच्या डोक्यात हे नातं खरोखर असतं.

मराठीने हीच कामगिरी वेगळ्या वाटेने केली आहे, आणि मला ती जास्त मोकळी वाटते. एकदाच झालं तर 'कन': टपकन, फटकन, लखकन. होतच राहिलं तर शब्द दुप्पट: टपटप, फटफट, लखलख. इंग्रजीत 'अर' जे करतो ते आपण अख्खा शब्द पुन्हा म्हणून करतो. स्वर बदलला की चालही बदलते. काम भरभर होतं, डोळे भिरभिर फिरतात, पाऊस भुरभुर पडतो. आणि हे फक्त मराठीचं नाही. भाषाशास्त्रज्ञ मरी एमेनो यांनी 1969 साली दाखवून दिलं की असे दुहेरी शब्द इंडो-आर्यन, द्राविडी आणि मुंडा अशा तिन्ही कुळांत पसरलेले आहेत. शेजाराने राहता राहता ही सवय भारतभर झाली.

इंग्रजी बोलीत वटवाघळाला एक जुनं नाव आहे, फ्लिटरमाउस, म्हणजे भिरभिरणारा उंदीर. मराठीत संध्याकाळी घराभोवती घिरट्या घालणाऱ्या लहान वटवाघळाला पाकोळी म्हणतात, आणि फुलपाखरालाही पाकोळीच म्हणतात. कढीपत्त्यावरची ती काळी मादी अंधार पडायच्या आत निघून जाते, आणि थोड्या वेळाने त्याच बाल्कनीसमोर दुसरी पाकोळी फिरू लागते.