सत्तावीस रुपयांचा हिशेब

३१ जानेवारी २०१९ रोजी ‘बिझनेस स्टँडर्ड’ या वृत्तपत्रानं एक आकडा छापला: २०१७-१८मध्ये देशातला बेरोजगारीचा दर ६.१ टक्के. नोटाबंदीनंतरची ही पहिली मोठी सरकारी रोजगार-पाहणी. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगानं अहवाल डिसेंबरातच मंजूर केला होता, पण सरकार तो बाहेर काढेना. आयोगाचे काळजीवाहू अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी त्याच आठवड्यात राजीनामे दिले होते. बातमी येताच नीती आयोगानं सांगितलं, हा नुसता मसुदा आहे. लोकसभेची निवडणूक आटोपली, नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ मे रोजी, अहवाल प्रसिद्ध झाला. आकडा ६.१च. मसुद्याचा अंतिम अहवाल होताना दशांशही हलला नव्हता.

सरकारशी भांडायचं तर सरकारच्याच आकड्यांनी, ही रीत आपल्याकडे दादाभाई नौरोजींनी घालून दिली. १८७६ साली मुंबईत वाचलेल्या निबंधात त्यांनी प्रांतोप्रांतीच्या सरकारी अहवालांतून पिकांची बेरीज मांडली आणि हिंदी माणसाचं वार्षिक उत्पन्न जेमतेम २० रुपये भरतं, असं दाखवलं. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार याहून जास्त खर्च करत होतं, आणि तो आकडाही सरकारी दप्तरातलाच. १८८२मध्ये अर्थखात्याचे प्रमुख एव्हलिन बेअरिंग यांनी उत्तर दिलं: २० नव्हे, २७ रुपये. दादाभाईंनी विचारलं, हिशेब दाखवा, माझा चुकला असेल तर दुरुस्त करतो. बेअरिंग यांनी नकार दिला. माझ्या मते आजच्या वादाचं मूळ या नकारात आहे. आकडा जाहीर करायचा, पण तो कसा काढला ते मात्र झाकून ठेवायचं.

पुण्यात सार्वजनिक सभेनं यापुढची पायरी गाठली. १८९६-९७च्या दुष्काळात सरकारचा इंग्रजीतला ‘फॅमिन कोड’, म्हणजे दुष्काळात सरकारनं काय करायचं याची नियमावली, मराठीत आणून गावोगाव वाटला गेला. सारामाफी कधी मिळते, दुष्काळी काम कधी निघालं पाहिजे, हे शेतकऱ्याला प्रथमच कळलं, आणि ‘केसरी’नं तेच लावून धरलं. यात गुप्त असं काहीच नव्हतं, सगळं सरकारनं स्वतः लिहिलेलं. तरी १८९७मध्ये सरकारनं सभेची मान्यता काढून घेतली.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९४९च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासोबत पुण्याचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि घरोघरच्या खर्चाची मोजदाद करणारी यंत्रणा उभी राहिली. जगभरचे अभ्यासक तिचे आकडे वापरत आले. गरिबी वाढली की घटली यावर कडाक्याची भांडणं झाली, पण सगळ्यांच्या हातात कागद एकच असे.

तोच कागद नोव्हेंबर २०१९मध्ये अडला. त्याच वृत्तपत्रानं उपभोग-खर्चाच्या पाहणीचा अहवाल फोडला: महागाई वजा जाता माणशी मासिक खर्च २०११-१२च्या १,५०१ रुपयांवरून २०१७-१८मध्ये १,४४६वर आला होता. सरकारनं या वेळी मसुद्याच्या सबबीवर न थांबता आकड्यांच्या दर्जावर बोट ठेवलं आणि अहवाल रद्दच केला. दर्जाबद्दलची शंका खरीही असेल. पण ती तपासायची तर कच्चे आकडे अभ्यासकांपुढे ठेवायला हवे होते, आणि ते ठेवले गेले नाहीत. म्हणजे पुन्हा बेअरिंगसाहेबच.

पुढची पाहणी २०२२-२३ची, तिचे निष्कर्ष आले फेब्रुवारी २०२४मध्ये, आणि तिची पद्धत बदललेली असल्यामुळे जुन्या आकड्यांशी थेट ताळा जमेना. मधल्या काळात ग्राहक किंमत निर्देशांक २०११-१२च्याच खर्चावर बेतलेला राहिला. रिझर्व्ह बँक व्याजदर ठरवताना ज्या महागाईकडे पाहते, ती याच निर्देशांकावरून मोजली जाते, आणि त्यात खाण्यापिण्याचा वाटा ४५.८६ टक्के धरला होता.