शाल-श्रीफळाच्या मागचा इतिहास : खानदेशातील निवृत्त कामगार आणि त्यांचे हक्क

१७ डिसेंबर हा दिवस देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. व्यासपीठावर ज्येष्ठांना शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात. पण हीच तारीख का, हे सत्कार करणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकारा खटल्यात निकाल दिला, की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नाही, केलेल्या सेवेतून निर्माण झालेला तो हक्क आहे. हा निकाल सरकारी निवृत्तांपुरता होता, आणि खानदेशाच्या कामगार इतिहासातली गोम नेमकी तिथेच आहे. येथे निवृत्त माणसाच्या हाती आज महिन्याला काय पडते, हे त्याने किती वर्षे राबून काढली यापेक्षा तो कोणत्या फाटकातून कामावर जात होता, यावर अधिक ठरते.

या भेदाची सुरुवात कापसापासून होते. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आणि वर्षातून किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. खानदेशातील जिनिंग-प्रेसिंगचे, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणारे, कारखाने हंगामी असल्यामुळे ते सहजच त्याच्या कक्षेबाहेर राहिले. हंगाम भरात असताना जिनात, विशेषतः बायांना, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत राबावे लागते, ही गोष्ट १८८४-८५ च्या मुंबईतील फॅक्टरी आयोगापुढेही आली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुटीला कायद्याचे रूप दिले. हंगामी कारखाने मात्र १९११ च्या कायद्यापर्यंत बाहेरच होते, म्हणजे पहिला कायदा झाल्यावरही जिनातल्या मजुराला तीस वर्षे थांबावे लागले.

जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळे आणि चाळीसगावच्या गिरण्या येथील कामगार बारमाही होता, म्हणून कायदा त्याच्यापर्यंत लवकर पोहोचला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, १९५२ मध्ये भविष्य निर्वाह निधी आला, १९७२ मध्ये ग्रॅच्युइटी आली. मासिक निवृत्तिवेतन मात्र १६ नोव्हेंबर १९९५ पासूनच्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे, ज्याला सगळे ‘ईपीएस-९५’ म्हणतात. त्याआधी घरी बसलेल्या गिरणी कामगाराला फंडाची एकरकमी रक्कम मिळाली आणि विषय संपला. नंतरच्यांनाही जे मिळते त्याला महागाई भत्त्याची जोड नाही, आणि सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन महिना एक हजार रुपये ठरली आहे. ज्या कामगारांच्या जिवावर ही शहरे वाढली, त्यांना हयातीचा दाखला देण्यासाठी दरवर्षी रांगेत उभे राहताना रिक्षाचे भाडेही मोजावे लागावे, ही गोष्ट मला कोणत्याही सत्काराने झाकता येईल असे वाटत नाही.

भुसावळची कहाणी वेगळी आहे. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या काळापासून हे गाव इंजिनांवर जगले आणि १९३० मध्ये त्या रेल्वेवर झालेला मोठा संप हा येथील संघटित लढ्यांचा पूर्वेतिहास आहे. १९५७ पासून रेल्वे कर्मचाऱ्यांना पेन्शन योजना लागू झाली. पण कामाचे तास हा प्रश्न शिल्लकच होता. वाफेच्या इंजिनाच्या जमान्यात कॉलबॉय वही घेऊन क्वार्टरच्या दारात येई, ड्रायव्हर आणि फायरमन सही करत आणि डबा उचलून शेडकडे निघत. एकदा गाडीवर चढल्यावर परत कधी येणार, हे मात्र त्या वहीत लिहिलेले नसे. चौदा-सोळा तासांची ड्यूटी नवलाची नव्हती. १९७३ मध्ये लोको, म्हणजे इंजिनांवरच्या, कर्मचाऱ्यांनी आंदोलन करून दहा तासांचे आश्वासन मिळवले. ते पाळले जात नाही ही तक्रार, बोनसची मागणी आणि वेतनातील तफावत यांतून जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली ८ मे १९७४ पासूनचा देशव्यापी संप उभा राहिला.

तो २७ मे रोजी मागे घेण्यात आला, तेव्हा हाती काही लागले नव्हते. हजारो कर्मचारी अटकेत होते, अनेकांना नोकरीतून काढले होते, कित्येकांची कुटुंबे क्वार्टरबाहेर पडली होती. पण सर्वांत दूरगामी शिक्षा सर्व्हिस बुकातली, म्हणजे नोकरीच्या नोंदवहीतली, होती. सेवेत खंड पडल्याची एक ओळ लागली, की आधीची वर्षे पेन्शन आणि ग्रॅच्युइटीच्या हिशेबातून निसटण्याची भीती. जनता पक्षाचे सरकार १९७७ मध्ये आल्यावर बडतर्फांना परत घेण्यात आले आणि सेवाखंड माफ झाला. १९७९-८० पासून उत्पादकतेशी जोडलेला बोनस सुरू झाला. आज दसऱ्याच्या तोंडावर जाहीर होणारा ७८ दिवसांचा बोनस घेणाऱ्या तरुण कर्मचाऱ्याला हा धागा माहीत असतोच असे नाही. शिवाय १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांसाठी जुनी पेन्शनही राहिली नाही, त्यामुळे एकाच शेडमधले बाप-लेक दोन वेगळ्या म्हातारपणांचे वारसदार झाले आहेत.

वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणींचे १ ऑक्टोबर २०२१ रोजी कंपन्यांमध्ये रूपांतर झाले आणि त्याच वर्षीच्या कायद्याने संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला एका वर्षापुरता मिळाला. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा सालदार तर या सगळ्या हिशेबाबाहेरच राहिला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्याचे साल बदलते, बोली तोंडी होते. शहादा परिसरात १९७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने आदिवासी शेतमजुरांच्या मजुरीचा आणि जमिनीचा प्रश्न लावून धरला. पण सालदाराच्या नावाचे सर्व्हिस बुकच नसल्याने तो निवृत्त झाला, असेही कोणी म्हणत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या आहेत. मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, ही त्यातली जमेची बाजू. उलट, कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगीची अट शंभराऐवजी तीनशे कामगारांच्या आस्थापनांपासून सुरू होते आणि संपासाठी चौदा दिवसांची पूर्वसूचना सर्वच आस्थापनांमध्ये बंधनकारक झाली आहे. खानदेशातील बहुतेक जिन, तेलगिरण्या आणि डाळमिल या तीनशेच्या आकड्याच्या खूप खाली आहेत. या बदलांवर वाद घालणाऱ्या संघटनांना जुने करार, निलंबनाचे हुकूम आणि पुन्हा कामावर घेतल्याची पत्रे हाताशी लागतील, आणि ती आज बहुधा निवृत्तांच्या घरातल्या ट्रंकांमध्ये आहेत. १९७४ मध्ये पंचविशीत असलेला फायरमन आता पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेवरच त्या कागदांची झेरॉक्स सोबत आणण्याची विनंती छापली आणि सभागृहात एका टेबलावर ती जमा करून घेतली, तर संघटनेच्या कार्यालयाला फार खर्च येणार नाही.