पंख्याचा खडखडाट की पंख्याचं गाणं?

जहाजाच्या मागच्या भागात, पंख्याकडून (प्रोपेलर) पाण्याखालून आवाज येऊ लागला की सरसकट 'कॅव्हिटेशन' म्हटलं जातं. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण पंखा 'गात' असेल तर दुखणं वेगळं, औषधही वेगळं.

कॅव्हिटेशनमध्ये पाणी न तापता उकळतं. पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो (30 अंश सेल्सियसला साधारण 4.2 किलोपास्कलखाली) की वाफेचे बुडबुडे धरतात आणि दाब वाढलेल्या जागी पोहोचताच फुटतात. ऐकू येतं ते खडी ढवळल्यासारखं, अनेक वारंवारतांचं मिश्रण. सोबत पात्यांची घरघर असते: 4 पाती, 120 आरपीएम (मिनिटाला फेरे), म्हणजे 8 हर्ट्झ. डॉकमध्ये पात्यावर स्पंजासारखी खरवड दिसली, की शंका उरत नाही.

गाण्यात बुडबुड्यांचा संबंध नाही. पात्याच्या मागच्या कडेवरून भोवरे आळीपाळीने सुटतात. त्यांचा ठेका पात्याच्या नैसर्गिक कंपनाशी जुळला की एकच स्वच्छ सूर निघतो. अंदाज सोपा आहे: 0.2 गुणिले पाण्याचा वेग, भागिले कडेची जाडी. वेग सेकंदाला 20 मीटर, कड 8 मिलिमीटर, तर 500 हर्ट्झ.

ओळखायचं कसं? आरपीएम सावकाश वाढवा. कॅव्हिटेशन एका वेगाला सुरू होतं आणि पुढे वाढतच जातं. गाणं ठरावीक टप्प्यात येतं, टप्पा ओलांडला की थांबतं. बॅलास्ट (तोलासाठी टाक्यांत भरलेलं पाणी) घेऊन पंखा खोल नेला तर कॅव्हिटेशन उतरतं, कारण दर 10 मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. गाण्याला त्याचा फारसा फरक पडत नाही.

दुरुस्तीनंतर नव्यानेच सूर आला तर आधी मागची कड पाहावी. पॉलिश करताना ती गोल झालेली असते. एका बाजूने तिरकी घासून कोपरा तीक्ष्ण ठेवावा, मध्यापासून पंख्याच्या त्रिज्येच्या साधारण 0.4 पटीवरून टोकापर्यंत. हात राखून घासा, जास्त कापलं तर पिच (पात्याचा तिरकेपणा) बदलतो. कॅव्हिटेशनला हा उपाय लागू नाही. तिथे पुढच्या कडेचे टवके काढणं, पंखा साफ ठेवणं, वेग कमी करणं.

वेग कमी करण्यातही एक मेख आहे. पिच बदलता येणाऱ्या पंख्यावर आरपीएम तसेच ठेवून नुसता पिच उतरवला, तर पात्याच्या दुसऱ्या बाजूला कॅव्हिटेशन सुरू होऊन जहाज मंद चालतानाही आवाज वाढू शकतो. म्हणून आरपीएमही उतरवा. अनेक मोठ्या देवमाशांची हाक कमी वारंवारतेच्या पट्टीत असते, जहाजाचा बराच आवाजही तिथेच असतो, म्हणून हा गोंगाट त्या हाकेवर थेट पडतो.