ल्युपस मेंदूपर्यंत पोहोचतो तेव्हा

कोकणात एखादी तरुण मुलगी अचानक असंबद्ध बोलू लागली, रात्ररात्र जागू लागली, घरच्यांवरच संशय घेऊ लागली, की देवाचं काही करायचं राहिलंय का, अशी चर्चा आधी सुरू होते. गाऱ्हाणं जरूर घाला. पण त्याच दिवशी तिचं रक्त आणि लघवी तपासून घ्या, हे मला अगदी कळकळीनं सांगायचं आहे. यामागे ल्युपस असू शकतो.

या आजारात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, त्याही बहुधा तरुण. मे महिन्यात अंगणात आमसुलं वाळत घालताना ऊन लागलं की गाल आणि नाकाचा उंचवटा लाल होतो. निरखून पाहिलं तर नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी मात्र बहुधा कोरी असते. सांधे धरतात, केस गळतात, तोंड येतं. ‘उष्णता झाली’ म्हणून हे सगळं अंगावर काढलं जातं.

ल्युपसमुळे मेंदूला इजा होते ती मुख्यतः दोन प्रकारे. काही रुग्णांच्या रक्तातल्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांमुळे (प्रतिपिंड म्हणजे रोगप्रतिकारशक्तीनं तयार केलेली प्रथिनं) रक्ताच्या गुठळ्या होतात आणि ऐन तिशीतही पक्षाघात होऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात दाह आणि इतर प्रतिपिंड थेट मेंदूच्या कामात ढवळाढवळ करतात. मग विसरभोळेपणा, फिट्स, नैराश्य, भास. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं 1999 मध्ये चेतासंस्थेच्या आणि मनाच्या अशा 19 प्रकारच्या तक्रारींची यादी केली. एमआरआय कित्येकदा नॉर्मल येतो, म्हणून ‘तिला काही झालेलं नाही’ असं म्हणणं हा त्या मुलीवर अन्याय आहे.

खरी कसोटी पुढे लागते. उपचारातलं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइडही झोप उडवतं, भास घडवतं. दिवसाला 40 मिलिग्रॅमच्या वर हा धोका वाढतो आणि बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो. भास आजारामुळे असतील तर स्टिरॉइडचा डोस वाढवायचा, औषधामुळे असतील तर कमी करायचा. शिवाय मेंदूत जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहायला कधी पाठीच्या कण्यातलं पाणी तपासावं लागतं. हा निर्णय घरात बसून होत नाही. आणि बरेच दिवस चाललेलं स्टिरॉइड एकाएकी बंद केलं, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना सांधेदुखी, चट्टे, सुजलेले पाय हेही सांगा. मुंबईला किंवा कोल्हापूरला संधिवाततज्ज्ञाकडे नेणार असाल, तर जुने कागद आणि स्टिरॉइड कधी सुरू झालं, किती मिलिग्रॅम, हे लिहून सोबत घ्या.