पळणं आणि परागंदा होणं

आपण माणसाला तडीपार करतो, हद्दपार करतो. या शब्दांतच नदीची तड आहे, गावाची हद्द आहे आणि त्यापलीकडे घालवून देणारं कुणीतरी आहे. प्राचीन ग्रीक भाषेत हद्दपारीला रोजचा शब्द होता ‘फ्युगे’, आणि त्याचा मूळ अर्थ नुसता ‘पळणं’. हरलेलं सैन्य रणातून पळालं, फ्युगे. माणसाला आपलं गाव सोडून परक्या मुलखात राहावं लागलं, तेही फ्युगेच. मराठीत याच्या सगळ्यात जवळचा शब्द मला ‘परागंदा’ वाटतो. इतिहासकार थ्युसिडिडीज अथेन्सचा सेनापती होता; इ.स.पू. ४२४ मध्ये तो अँफिपोलिस हे शहर शत्रूपासून वाचवू शकला नाही आणि वीस वर्षं अथेन्सला मुकला. ते सांगताना त्यानं याच शब्दाचं क्रियापद वापरलंय.

खरी गंमत कोर्टात आहे. अथेन्समध्ये फिर्यादीला म्हणत ‘दिओकोन’, म्हणजे पाठलाग करणारा, आणि आरोपीला ‘फेउगोन’, म्हणजे पळणारा. खुनाच्या खटल्यात दोन्ही बाजूंची दोन-दोन भाषणं व्हायची. पहिलं भाषण झालं की आरोपीला देश सोडून जायची मुभा असे. त्याला कुणी अडवायचं नाही. घरदार मात्र जप्त. म्हणजे पळणं, आरोपी असणं आणि परागंदा होणं, तिन्ही एकाच क्रियापदात.

अथेन्सचा जुना कायदेकर्ता ड्रेको याचा मनुष्यवधाचा कायदा इ.स.पू. ४०९–४०८ मध्ये दगडावर पुन्हा कोरला गेला. तो दगड आज अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात आहे. हेतू नसताना हातून कुणी मेलं, तरी माणसानं देश सोडायचा, असं त्यात आहे. परतीची वाट मृताच्या घरातून जायची: बाप, भाऊ, मुलगे, सगळ्यांनी क्षमा केली तरच. एकानं नाही म्हटलं तरी संपलं. चुकून घडलेल्या गोष्टीची दोरी दुखावलेल्या माणसांच्या हाती देणारा हा नियम मला आजही हलवून जातो.

आणि असा परागंदा माणूस दुसऱ्या, जाणूनबुजून केलेल्या खुनाच्या आरोपात सापडला तर? त्याला अथेन्सच्या भूमीवर पाऊल टाकायची बंदी, आणि खटला तर चालवायलाच हवा. त्यासाठी फ्रेआत्तो नावाची समुद्रकाठची जागा ठरलेली होती. न्यायाधीश किनाऱ्यावर बसत. आरोपी होडीतून यायचा आणि जमिनीला न शिवता, होडीतूनच आपली बाजू मांडायचा. निर्दोष ठरला, तरी पहिली हद्दपारी उरलेलीच असे; होडी आल्या वाटेनं परत जायची.